स्वमग्न मुलासाठी वर्तन थेरपिस्ट निवडताना

माझा स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलगा साडेचार वर्षांचा असताना अचानक स्वतःच्या कानावर मारून घ्यायला लागला. उजवी मूठ, उजवा कान, दिवसातून वीस-पंचवीस वेळा. त्याला तेव्हा बोलता येत नव्हतं. थेरपिस्ट म्हणाली, "लक्ष वेधून घेतोय. बघितलंत की वाढेल, दुर्लक्ष करा." आम्ही नऊ दिवस मन घट्ट करून दुर्लक्ष केलं. दहाव्या दिवशी सकाळी उशीवर पिवळा डाग होता. कान फुटला होता.

ती थेरपिस्ट दुष्ट नव्हती. मेहनती होती, वेळेवर यायची, वहीत रोज नोंदी करायची. फक्त "हे मूल आपल्याला काय सांगतंय?" हा प्रश्न तिने विचारला नाही, आणि तो विचारायला हवा हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं. त्यानंतर आम्ही दोन थेरपिस्ट बदलल्या, तिसरी लाभली. अनेक पालकांबरोबर बसून त्यांच्या निवडी, चुका, पश्चात्ताप ऐकले. त्यातून निवडीचा जो क्रम माझ्यापुरता पक्का झाला, तो इथे सविस्तर लिहिते.

पायरी १ : फोन फिरवण्याआधी वही

डायग्नोसिस हातात पडलं की पहिली धडपड असते ती थेरपिस्टचे नंबर गोळा करण्याची. एक आठवडा थांबा. एका वहीत रोजचे अवघड प्रसंग लिहा. प्रत्येक प्रसंगाचे तीन भाग: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर लगेच काय झालं. "संध्याकाळी सहा. टीव्ही बंद केला. जमिनीवर डोकं आपटलं. आम्ही टीव्ही परत लावला." एवढंच. थेरपिस्टच्या भाषेत याला एबीसी नोंद म्हणतात. आठवड्याभरात तुम्हालाच काही गोष्टी दिसू लागतील: बहुतेक प्रसंग एखादी गोष्ट अर्धवट सोडायला लावल्यावर घडतात, किंवा घरात पाहुणे असताना, किंवा जेवणाआधीच्या अर्ध्या तासात.

मग ही वही घेऊन आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. कान, दात, बद्धकोष्ठता, पोटातली जळजळ, झोप, फिट्स, सगळं तपासून घ्या. स्वमग्न मुलांमध्ये पोटाच्या आणि झोपेच्या तक्रारी, तसंच फिट्सचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं, आणि दुखणं सांगता न येणारं मूल ते हातपाय आपटूनच सांगतं. एखादं वर्तन अचानक नव्याने सुरू झालं असेल तर ही तपासणी अजिबात टाळू नका.

कोणाकडे कशासाठी जायचं हेही वहीतूनच उलगडतं. शब्द, वाक्यं, खुणा, संवादाचं यंत्र यांसाठी स्पीच थेरपिस्ट. कपड्यांचं लेबल टोचणं, मिक्सरचा आवाज सहन न होणं, पेन्सिल किंवा बटण न जमणं यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. स्वतःला इजा करणं, पळून जाणं, बदल न झेपणं, शी-शूची सवय, थांबायला शिकणं ही मुख्यतः वर्तन थेरपिस्टची कामं. सीमा पुसट आहेत, म्हणूनच हे तिघं एकमेकांशी बोलणारे असावेत.

शेवटी, पुढच्या सहा महिन्यांत घडाव्यात अशा तीन गोष्टी लिहा. "नॉर्मल व्हावा" असं लिहिलं असेल तर ते खोडून पुन्हा लिहा. "दुखतंय हे सांगता यावं." "रस्त्यात हात सोडून पळू नये." "रात्री सलग सहा तास झोप." अशी वाक्यं थेरपिस्टसमोर ठेवली की बोलणं सरळ मुद्द्यावर येतं.

पायरी २ : थेरपीची नावं ओळखून घ्या

वर्तन थेरपी म्हटलं की पहिलं नाव कानावर येतं ते एबीए, म्हणजे अप्लाइड बिहेवियर ॲनालिसिस. वागण्याआधी आणि वागण्यानंतर आजूबाजूला काय घडतं ते पाहून ते बदलायचं, आणि नवीन कौशल्य छोट्या छोट्या तुकड्यांत शिकवायचं, हा त्याचा गाभा. ओ. इव्हार लोव्हास यांचा 1987 चा अभ्यास याचा पाया म्हणून अजूनही सांगितला जातो: 19 लहान मुलं, आठवड्याला 40 तास, दोन वर्षं किंवा जास्त, आणि त्यातली 9 मुलं सर्वसाधारण शाळेच्या वर्गात गेली. हा आकडा कोणी तुमच्यासमोर ठेवला तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. मुलांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक पद्धतीने पाडलेले नव्हते. आणि त्या काळच्या पद्धतीत मुलावर मोठ्याने "नाही!" ओरडणं आणि प्रसंगी मांडीवर चापट मारणंही बसत होतं. 2018 मध्ये कॉक्रेन या संस्थेने लहान वयातल्या अशा सघन थेरपीचे अभ्यास एकत्र तपासले. निकषात बसणारे पाचच अभ्यास निघाले, मुलं 219. काही फायदा दिसला, पण पुरावा कमकुवत ठरला. म्हणून "शास्त्राने सिद्ध झालंय, शंका नको" असं म्हणणाऱ्यापेक्षा "अमुक मुलांना अमुक गोष्टीत उपयोग होतो" असं म्हणणारी व्यक्ती मला जास्त विश्वासाची वाटते.

आजचं एबीए सगळीकडे एकसारखं नाही. टेबलावर बसवून एकेक प्रश्न, एकेक बक्षीस अशी डिस्क्रीट ट्रायल पद्धत आहे. दुसरीकडे खेळता खेळता, मुलाच्या आवडीच्या मागे जाऊन शिकवणाऱ्या पद्धती आहेत. 2015 पासून त्यांना एकत्रितपणे एनडीबीआय, म्हणजे नैसर्गिक विकासाधारित वर्तन पद्धती, असं म्हटलं जातं. सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांचं अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेल आणि रॉबर्ट व लिन केगल यांचं पिव्होटल रिस्पॉन्स ही त्यातली ठळक नावं. चिमुकल्या मुलांसाठी माझा कौल निःसंशय याच पद्धतींना. मोठ्या, बोलणाऱ्या आणि चिंतेने ग्रासलेल्या मुलासाठी स्वमग्नतेनुसार बदलून घेतलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं या दोन्हींवर बोलून काम करणारी थेरपी, उपयोगी पडते. तिथे प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ हवा, फक्त एबीए येणारी व्यक्ती पुरत नाही.

एक आवाज मात्र आवर्जून ऐका: लहानपणी ही थेरपी घेतलेल्या स्वमग्न प्रौढांचा. त्यांच्यातले अनेक जण सांगतात की हात फडफडवणं दाबायला, नजर मिळवायला, मनाविरुद्ध "हो" म्हणायला शिकवलं गेलं आणि त्याची किंमत पुढे अनेक वर्षं मोजावी लागली. हे वाचून मी दोन रात्री झोपले नाही. थेरपी सोडली नाही, पण थेरपिस्ट निवडण्याचे माझे निकष त्या दोन रात्रींत बदलले.

पायरी ३ : पात्रता तपासा, आणि दोन माणसांची तपासा

"वर्तन थेरपिस्ट" ही पाटी बऱ्याच ठिकाणी कोणीही लावू शकतं. त्यामुळे पाटीच्या मागे काय आहे ते पाहणं भाग आहे.

या क्षेत्रातलं सर्वांत परिचित प्रमाणपत्र बीसीबीए, म्हणजे योजना आखणाऱ्या वर्तन विश्लेषकाचं. ते देणारं मंडळ, बीएसीबी, 1998 मध्ये अमेरिकेत स्थापन झालं. बीसीबीए व्हायला पदव्युत्तर शिक्षण, 1500 ते 2000 तासांचं देखरेखीखालचं काम आणि परीक्षा लागते. आरबीटी, म्हणजे प्रत्यक्ष सेशन घेणाऱ्या सहायकाचं प्रमाणपत्र, मात्र वेगळं: शालेय शिक्षण, 40 तासांचं प्रशिक्षण, एक प्रत्यक्ष चाचणी आणि परीक्षा. आरबीटीने स्वतःच्या जबाबदारीवर योजना आखायची नसते. तिच्या महिन्याच्या कामापैकी किमान 5 टक्के तास तरी वरिष्ठांच्या देखरेखीखाली व्हावे लागतात. प्रमाणपत्र चालू आहे की नाही हे मंडळाच्या संकेतस्थळावर नाव टाकून कोणालाही पाहता येतं. 2023 पासून बीएसीबी मोजक्याच देशांतले नवे अर्ज घेते, त्यामुळे इतरत्र क्यूएबीए किंवा आयबीएओ या संस्थांची प्रमाणपत्रंही दिसतील. यातलं काहीच नसेल तर मूळ पदवी बघा. क्लिनिकल सायकॉलॉजी किंवा विशेष शिक्षण, आणि त्या व्यवसायाची तुमच्या देशातली अधिकृत नोंदणी. आठवड्याच्या ऑनलाइन कोर्सचं फ्रेम केलेलं सर्टिफिकेट म्हणजे पदवी नव्हे.

आता खरा प्रश्न. पहिल्या भेटीत जी अनुभवी बाई तुमच्याशी गोड बोलते, तीच रोज मुलासोबत बसणार आहे का? बहुतेक केंद्रांत नाही. योजना एक जण करतो, सेशन दुसराच घेतो, बहुधा वयाने लहान आणि नवखा. त्यात गैर काही नाही, पण मग दोघांचं शिक्षण विचारा. वरिष्ठ व्यक्ती प्रत्यक्ष मुलाला बघायला महिन्यातून किती वेळा येणार, हेही विचारा. "लागेल तेव्हा" हे उत्तर मी दोनदा ऐकलं, आणि दोन्ही ठिकाणी ती वेळ कधीच आली नाही. शिवाय नवखी मुलं-मुली काम सोडतात. मागच्या वर्षभरात किती जण बदलले हे विचारायला संकोचू नका. दर दोन महिन्यांनी नव्या चेहऱ्याशी जुळवून घेणं आपल्या मुलांना किती जड जातं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पायरी ४ : पहिली भेट

किमान दोन, जमल्यास तीन ठिकाणी भेटा. मुलाला न नेता भेटता आलं तर उत्तम, म्हणजे तुमचं अर्धं लक्ष दाराकडे राहत नाही. प्रश्न भरपूर विचारता येतील, पण मला सर्वांत जास्त सांगून गेलेले थोडेच आहेत.

"माझ्या मुलाने 'नको' म्हटलं तर तुम्ही काय करता?" हा पहिला. बोलत नसलेल्या मुलाचं "नको" म्हणजे तोंड फिरवणं, वस्तू ढकलणं, टेबलाखाली जाणं. चांगली थेरपिस्ट सांगेल की आधी थांबते, काम सोपं करते, पर्याय देते, "नको" सांगण्याचा बरा मार्ग शिकवते, आणि दात घासण्यासारखी टाळता न येणारी गोष्ट असेल तर ती सुसह्य कशी करते. "काम पूर्ण केल्याशिवाय उठू देत नाही, एकदा सोडलं की सवय लागते," हे उत्तर आलं तर मी वही मिटते. प्रत्येक मोठ्या माणसाचं निमूट ऐकायला शिकलेलं मूल उद्या कोणा नको त्या माणसाचंही निमूट ऐकेल. स्वतःचं "नको" शाबूत असणं ही आपल्या मुलांची सुरक्षितता आहे.

दुसरा प्रश्न वहीतल्या एका प्रसंगाचा. तो वाचून दाखवा आणि विचारा, "हे का होत असेल?" वर्तनाची कारणं साधारण चार गटांत मांडतात: काहीतरी हवं असणं, कशातून तरी सुटका हवी असणं, कोणाचं तरी लक्ष हवं असणं, आणि शरीराची आतली गरज किंवा त्रास. लगेच निदान ठोकणारी व्यक्ती धोक्याची. "अजून पाहावं लागेल. झोप कशी आहे? डॉक्टरांना दाखवलंत का? शाळेतही होतं का?" असे उलट प्रश्न येऊ लागले तर समजा योग्य दारात आलात. आमच्या तिसऱ्या थेरपिस्टने उत्तर देण्याआधी मलाच अकरा प्रश्न विचारले होते.

तिसरा: "एखादं मूल तुमच्याकडे सुधारलं नाही, तेव्हा तुम्ही काय केलंत?" प्रामाणिक माणसाकडे अशी गोष्ट असतेच, आणि दुसऱ्या कुटुंबाची ओळख उघड न करता ती सांगता येते.

फी, रद्द झालेल्या सेशनचा नियम, सुट्ट्या, लेखी करार हे सगळं त्याच भेटीत स्पष्ट करून घ्या.

पायरी ५ : सेशन डोळ्यांनी बघा

इतर कुठे घाई करा, इथे नको. होकार देण्याआधी तुमच्याच मुलाचं एक चाचणी सेशन खोलीत बसून किंवा काचेमागून पूर्ण बघा. दुसऱ्या मुलाचं सेशन दाखवायला केंद्र नकार देत असेल तर तो त्या मुलाच्या खासगीपणाचा आदर आहे, त्याचा राग मानू नका. तुमच्या मुलाचं दाखवायला नकार असेल तर मात्र तिथे मूल ठेवू नका. "आईला बघून रडतो" हे कारण सुरुवातीच्या काही मिनिटांपुरतं खरं असू शकतं. कायमचं बंद दार त्याने समर्थनीय ठरत नाही.

पहिली दहा मिनिटं थेरपिस्ट काय करते? जमिनीवर बसून मूल ज्या गाडीचं चाक फिरवतंय तिकडे बघते, की लगेच टेबलाशी बसवते? तिच्या सूचना छोट्या आहेत का, आणि सूचनेनंतर ती थांबते का? या मुलांना ऐकलेलं मनात उतरायला वेळ लागतो, आणि त्या चार-पाच सेकंदांत पुन्हा पुन्हा तेच बोललं की सगळं विस्कटतं. मुलाने हात फडफडवले, गिरकी घेतली, तर तिची नजर कशी होते? स्टिमिंग हा त्यांचा स्वतःला सावरण्याचा मार्ग असतो. इजा होत नसेल तर त्याला हात लावायचं कारण नाही. मुलाचा हात धरून काम करून घेते तेव्हा मूल हात ओढून घेतंय का, आणि ओढला तर ती सोडते का?

मूल चित्रकार्ड किंवा टॅबलेटवरून बोलत असेल तर ते साधन पूर्ण वेळ त्याच्या हाताशी असायला हवं. "बोलायला लागेल म्हणून काढून ठेवलंय" असं कोणी म्हणालं तर ठाम विरोध करा. अशा साधनांमुळे बोलणं मागे पडत नाही. साधन काढून घेणं म्हणजे मुलाच्या तोंडावर हात ठेवणं.

बक्षीस काय आणि कसं, तेही पाहा. आवडत्या गोष्टीचा आनंद वाटून घेणं वेगळं. दुपारचं जेवण, पाणी, किंवा ज्या चादरीशिवाय मूल सैरभैर होतं ती चादर कामाच्या बदल्यात तोलून देणं वेगळं. आणि सेशन संपल्यावर मुलाकडे बघा. दमलेलं असेल, ते चालतं. दगड झालेलं असेल, ते चालत नाही.

पायरी ६ : गोल वाचा, शब्द न् शब्द

असेसमेंटनंतर लेखी गोल, म्हणजे थेरपीची उद्दिष्टं, मिळायला हवेत. प्रत्येक गोलपुढे एक प्रश्न लिहा: हे जमल्याने माझ्या मुलाचा दिवस सोपा होईल, की फक्त बघणाऱ्याला बरं वाटेल? "पाच सेकंद आय कॉन्टॅक्ट" आणि "हात मांडीवर ठेवून दहा मिनिटं बसणे" हे दोन गोल आमच्या पहिल्या यादीत वरच्या क्रमांकावर होते. माझा मुलगा दोन्ही शिकला. कान दुखतो हे सांगायला तो शिकला नव्हता, कारण ते यादीतच नव्हतं.

1985 मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी दाखवून दिलं की त्रासदायक वर्तनामागचं कारण ओळखून, तेच काम करणारा संवाद शिकवला तर ते वर्तन कमी होतं. काम अवघड पडल्यावर आरडाओरडा करणारं मूल मदत मागायला शिकलं की ओरडण्याची गरजच उरत नाही. तेव्हापासून ही पद्धत या शास्त्राचा मोठा आधार आहे. म्हणून "ओरडणे 80 टक्क्यांनी कमी करणे" असा गोल दिसला की त्याच्या शेजारी विचारा: ओरडण्याऐवजी काय करायला शिकवणार? ती जागा रिकामी असेल तर गोल परत पाठवा.

दुर्लक्ष करण्याचा सल्ला मिळाला तर त्यामागचं कारण, आणि शारीरिक त्रास नाही याची खात्री कशी केली, हे लेखी मागा. दुर्लक्षाने वर्तन काही वेळा आधी उसळतं आणि मग कमी होतं. ही उसळी किती दिवस चालेल आणि मुलाला इजा होऊ लागली तर कुठे थांबायचं, हे जी आधी सांगत नाही तिच्या हाती हे हत्यार देऊ नका.

पायरी ७ : किती तास

आठवड्याला 40 तासांचं जुनं बंधन मनातून काढा. 2024 मध्ये 144 अभ्यासांचा, 9,000 हून अधिक लहान मुलांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. थेरपीचे तास जास्त म्हणजे परिणाम चांगला, असा ठोस पुरावा त्यात मिळाला नाही. मुलाला दुपारी झोपायचं असतं, भावंडाशी भांडायचं असतं, उगाच लोळायचं असतं. थोडे तास आणि सोबत आईवडिलांना शिकवणं, हा मेळ मी जास्त मानते. सेशनमध्ये जमलेली गोष्ट घरात, शाळेत, आजीपाशी जमली तरच ती जमली. त्यामुळे पालक प्रशिक्षणाचा वेळ योजनेत लेखी नसेल तर तो मागून घ्या.

पायरी ८ : जिथून लगेच उठावं

बरं करण्याची हमी. मारणं, कोंडणं, बांधणं, उपाशी ठेवणं. शिक्षा म्हणून पाणी उडवणं किंवा नावडती चव तोंडात घालणं. हात धरून टाइप करून घ्यायचं आणि ते मुलाचंच बोलणं म्हणून दाखवायचं. शरीरातले जड धातू काढण्याच्या नावाखाली चेलेशन: 2005 मध्ये अमेरिकेत पाच वर्षांच्या एका स्वमग्न मुलाचा यात जीव गेला. इथे दुसरी संधी द्यायची नसते.

पायरी ९ : तीन महिन्यांनी पुन्हा वही

सुरुवात केल्याच्या दिवशीच कॅलेंडरवर तीन महिन्यांनंतरची तारीख लिहून ठेवा. त्या दिवशी जुनी वही, गोलचा कागद आणि थेरपिस्टच्या नोंदी शेजारी मांडा. आलेख वर जातोय का हे बघाच, पण सोबत तुमच्या स्वतःच्या तीन वाक्यांचं काय झालं तेही बघा. आलेख सुंदर आणि घर जैसे थे, असं असेल तर शिकवलेलं खोलीबाहेर पडत नाहीये. सेशनच्या दिवशी सकाळी मूल बूट घालताना रडतं का? झोप उडाली आहे का? पूर्वी येत असलेलं काही गेलं का? हे आधी थेरपिस्टपुढे ठेवा आणि बदलासाठी चार आठवडे द्या. भीती किंवा इजा दिसली तर चार दिवसही नाही.

सोडायचं ठरलं तर अवघडू नका. आजवरच्या नोंदी, असेसमेंट, चालू गोल यांची प्रत मागून घ्या, पुढच्या थेरपिस्टचे कित्येक आठवडे वाचतात. आणि मुलाला सांगा. माणसं न सांगता नाहीशी झाली की आपल्या मुलांना त्याचा अर्थ लावता येत नाही. आम्ही दुसऱ्या थेरपिस्टचा फोटो कॅलेंडरवर उरलेल्या चार सेशनच्या चौकटींत चिकटवला होता, आणि पाचव्या चौकटीत आमच्या घराचं चित्र. तो रोज एक चौकट खोडायचा. शेवटच्या दिवशी तिने त्याच्याबरोबर बसून ती खोडली, मग त्याने तिचा फोटो काढून स्वतःच्या खिशात ठेवला.